नरसामावशीचा काठ

मार्गशीर्षाची पौर्णिमा उलटली की आमच्याकडच्या बायकांच्या बोलण्यात येळवस शिरते. नांदेडच्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत कोणी देगलूरची, कोणी मुखेडची, कोणी उदगीरची निघतेच. मग तपासायच्या पेपरांचे गठ्ठे बाजूला सरकतात. शेंगभाज्यांच्या भज्जीत चिंच किती, आंबिलाचं ताक किती दिवसांचं, उंडे बाजरीचेच की ज्वारीचेही चालतात, यावर मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालतो. पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईंनी मागे विचारलं होतं, "वेळा अमावस्या म्हणजे नक्की काय हो?" आम्ही सहाजणी एकदम सांगायला लागलो आणि त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

खरं तर सांगायला सोपं आहे. या दिवसांत रानात ज्वारी पोटरीला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. त्या अमावस्येला गाव ओस पडतं आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, "व्हलगे व्हलगे" करत पिकातून आंबील शिंपडत फिरायचं आणि मग बांधावर बसून पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं. हे सगळं जेवण घरून रानात जातं ते बाईच्या डोक्यावरच्या दुरडीतून. त्यामुळे माझ्यासाठी येळवस भज्जीच्याही आधी दुरडीपासून सुरू होते.

यंदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या भिंतीवरची दुरडी झाडायला म्हणून खाली काढली, आणि तिचा काठ सुटून माझ्या हातात आला. दहा वर्षं ती तिथे टांगलेली होती. आलेले पाहुणे विचारायचे, कुठल्या प्रदर्शनातून घेतली? मीही जरा मिरवायचे. काठाची बारीक वेढणी आतून वाळून कडक झाली होती, बोट लावलं तिथे ती काड्यांसारखी मोडत होती. मी सोफ्यावर बसले आणि तो काठाचा तुकडा मांडीवर घेऊन चक्क रडले. कारण तो काठ बांधणारी नरसामावशी श्रावणात गेली. मला तीन दिवसांनी फोनवर कळलं. भर पावसात कशाला जायचं, आता काय उपयोग, असं स्वतःला समजावत मी गेलेच नाही. याची मला तेव्हाही लाज वाटली होती आणि आता तर फार वाटली.

आमचं गाव देगलूरपासून चार कोसांवर. गावाच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे चिंचेखाली मावशीचं घर. आई तिला नरसाबाई म्हणायची, आम्ही पोरं मावशी. उंचीने बेताची, कपाळावर हिरवं गोंदण, आणि जवळ गेलं की निरगुडीचा कडवट वास. तो वास तिच्या लुगड्याला, केसांना, तिने दिलेल्या शेंगदाण्यांनासुद्धा यायचा. ओढ्याकाठच्या निरगुडीच्या फोका, म्हणजे तिच्या बारीक लांब फांद्या, तुरीच्या वाळलेल्या तुराट्या आणि थोडा वेळू, एवढ्यावर तिचं सगळं जग उभं होतं. तुराट्यांची धान्याची कणगी विणताना ती कणगीच्या आत उभी राहायची. वीण वर चढत जाई तशी ती हळूहळू दिसेनाशी व्हायची आणि शेवटी नुसता तिचा आवाज बाहेर यायचा. आवाजाची भाषा तेलुगू. बोलायची मराठी, पण तिचे हात तेलुगूत मोजायचे. ओकटी, रेंडू, मूडू. ओकटी, रेंडू, मूडू. दुपारी त्या गल्लीतून जाताना कानावर तेवढंच पडायचं.

तिचा एक नियम होता. डोकं दाखवल्याशिवाय ती दुरडी विणायची नाही. ज्या बाईच्या डोक्यावर दुरडी जाणार, तिने स्वतः येऊन समोर बसायचं. मावशी पदर मागे सारायची, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवायची आणि सुतळी फिरवून माप घ्यायची. मापाच्या सुतळीला गाठ मारून ती वळचणीला टांगून ठेवायची. अशा पन्नासेक दोऱ्या तिथे लोंबत असायच्या आणि कोणती कोणाची हे तिला पाठ होतं. एकदा सरपंचांनी नुसता गडी पाठवला.

"सरपंचीनबाईला यायला सांग," मावशी म्हणाली. "दुरडी काय तुझ्या डोक्यावर जानार हाय का?"

"हाव की. मीच नेतो दरसाली," गडी म्हणाला.

"मंग बस खाली."

आणि तिने खरोखर त्याच्या डोक्याचं माप घेतलं. सरपंचीणबाई वर्षभर तिच्याशी बोलत नव्हत्या म्हणतात. पण दुरडी गड्याच्या डोक्यावर अशी बसली की तो दोन्ही हात सोडून बांधावरून चालायचा.

मी दहावीला होते तेव्हा आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. हाताने काहीतरी करून परीक्षकांना दाखवायचं. प्रत्यक्षात वर्गातली निम्मी मुलं देगलूरच्या आठवडी बाजारातून केरसुणी नाहीतर तोरण आणायची आणि त्याला आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. आता मीच हे मार्क देते, त्यामुळे मला सगळे प्रकार तोंडपाठ आहेत. तेव्हा मीही तेच ठरवलं होतं. दिवाळीनंतर मावशीकडे गेले आणि म्हटलं, मावशी, एक छोटी टोपली दे, शाळेत द्यायची आहे.

"कुनाच्या नावानं?"

"माझ्या."

"मंग मी कामून विनू? बस."

अशी मी बसले. मला खरं म्हणजे राग आला होता. मी वर्गात पहिल्या पाचांत असायचे आणि ही बाई मला चिंचेखाली बसवून फोका सोलायला लावत होती. तिने आधी माझं डोकं मापायला घेतलं. हाताशी सुतळी नव्हती म्हणून तिने माझ्या वेणीची लाल रिबीनच सोडली, त्याच रिबिनीने माप घेतलं, गाठ मारली आणि सुतळ्यांमध्ये टांगून दिली. रिबीन मागितली तर म्हणाली, "आता ती तुझं डोकं झाली. न्हाई भेटत." दुसऱ्या दिवशी एकाच वेणीला रिबीन म्हणून मला शाळेत पट्टी खावी लागली.

फोका मात्र मी माझ्या मनाने तोडल्या. शनिवारी शाळा लवकर सुटली, ओढ्यावर गेले, हवी तेवढी निरगुडी कापून आणली. मावशी घरी नव्हती. मी तळ घातला, अर्धी भिंत उभी केली आणि स्वतःवर खूश झाले. तीन आठवड्यांत त्या विणीखाली पिठासारखा बारीक भुगा पडायला लागला. मावशीने तो भुगा चिमटीत घेतला आणि मान हलवली.

"उजाळपाखात तोडलीस ना?"

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. चंद्र वाढत असताना तोडलेली फोक गोड असते, तिला किडा लागतो. चंद्र उतरतीला लागला की मगच कोयता हातात घ्यायचा, हे तिच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. मी भूगोलात पैकीच्या पैकी मार्क घेणारी मुलगी, चंद्राच्या कला वहीत रंगवून आणलेली, आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, आता काय करायचं?

"उकल," मावशी म्हणाली.

तो शब्द मी त्या महिन्यात किती वेळा ऐकला असेन! फोक सैल गेली, उकल. दोनदा एकाच बाजूने आली, उकल. तिचा आवाज कधी चढायचा नाही, ती वर बघायचीसुद्धा नाही. शेजारी बसून तिचं काम चालू आणि माझी चूक तिला कानाने कळायची. मार्गशीर्षाचा अंधारपाख लागला तशी आम्ही दोघी ओढ्यावर गेलो. थंडी पडलेली, पाण्यावर धुकं, आणि मावशी एकेक फांदी वाकवून तिच्याशी बोलल्यासारखी पुटपुटत तोडत होती. निरगुडीच्या पानांनी माझे हात काळे झाले. ते हात हुंगत मी घरी आले. मला वाटतं, त्या दिवसापासून मार्कांचं माझ्या डोक्यातून गेलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी माझी दुरडी काठापर्यंत आली. आता नुसता काठ राहिला होता. दुरडीचा काठ म्हणजे दोन जाड फोकांचं कडं, आणि त्याला वेढत जाणाऱ्या बारीक ओल्या फोका. मावशीची वेढणी ज्वारीच्या कणसासारखी दिसायची, दाणे भरल्यासारखी. तशी वेढणी आसपासच्या गावांत कोणालाच जमत नव्हती. मी चार वेळा केली, चार वेळा उकलली. ऊन कलायला लागलं. आईची जुनी दुरडी मोडलेली, उद्या रानात न्यायला ही हवी होती आणि दारात येऊन आई दोनदा घाई करून गेली होती. मावशीने माझ्या मांडीवरची दुरडी ओढून घेतली आणि ओकटी, रेंडू, मूडू करत बघता बघता काठ बांधून टाकला. मी तोंडाकडे बघत राहिले, हातांकडे बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आईने त्या दुरडीतून भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या, सगळं नेलं. दोन महिन्यांनी तीच दुरडी मी परीक्षकांपुढे ठेवली. तिला अजून भज्जीचा वास होता. परीक्षकांनी ती हातात घेऊन फिरवली, काठावर त्यांचा अंगठा थांबला.

"हे सगळं तू केलंस? काठसुद्धा?"

माझ्या बोटांवर फोकांचे व्रण होते. ते त्यांनी पाहिले होते.

"हो सर. काठसुद्धा."

त्यांनी वर्गाला दाखवायला दुरडी उंच धरली. मला 'अ' श्रेणी मिळाली आणि आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मावशीकडे जाऊन मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती रागावेल. तिने विचारलं, "अ म्हंजे चांगलं का वाईट?"

"सगळ्यात चांगलं."

"मंग काठाला चांगलं म्हनले की मास्तर!" ती इतकी खूश झाली की तिने घरात जाऊन मला गूळ आणून दिला. मग फोक सोलता सोलता म्हणाली, "पन शालाबाई, तुझा काठ राह्यला बरं. कवातरी ये."

मी गेले नाही. अकरावीला नांदेडला आले, मग डी.एड., नोकरी, लग्न, मुलं. गावी जायचे तेव्हा तिला भेटायचे, पण उभ्या उभ्या. पत्र्याच्या कोठ्या आल्या तशा कणग्या बंद झाल्या. प्लॅस्टिकचे टब आले तशा दुरड्याही थांबत गेल्या. मावशी तरी दर अंधारपाखात ओढ्यावर जायचीच. आई गेल्यावर दुरडी मी नांदेडला आणली आणि भिंतीवर लावली. हे मावशीला कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "भितीवर कामून? तिला दरसाली पानी पाज, रानात ने. न्हाईतर रुसती ती." मी हसून सोडून दिलं होतं.

सुटलेला काठ हातात घेऊन हे सगळं मला आठवलं. अमावस्येला तेरा दिवस होते, अंधारपाख नुकताच लागला होता. मी किरकोळ रजेचा अर्ज टाकला आणि दुरडी पिशवीत घालून देगलूरची एसटी धरली.

मावशीची मुलगी पुष्पा त्याच चिंचेखालच्या घरात राहते. ती अंगणवाडीत असते, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तिने दुरडी हातात घेतली, काठाच्या जागी बोट फिरवलं आणि मान हलवली.

"मला न्हाई येत ताई. बाकी समदं येतंय, काठ न्हाई. आई म्हनायची, तू शिक, शाळंत जा. आन मी बी म्हनायची, आई हाय की काठाला."

म्हणजे तो काठ आता कोणालाच येत नव्हता. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. वर वळचणीला सुतळ्या अजून तशाच होत्या, धुराने काळ्या झालेल्या, आणि त्यांच्यात एक विटकी लाल रिबीन. पस्तीस वर्षं त्या घरात माझं डोकं टांगलेलं होतं आणि मी नांदेडला भूगोल शिकवत होते.

पुढचे दोन शनिवार-रविवार मी गावात दादाकडे काढले. फोका तोडल्या, सोलल्या, भिजवल्या. जुनी दुरडी ओढ्याच्या पाण्यात दगड ठेवून दिवसभर बुडवली, तशी ती मऊ झाली. कडं बसलं. वेढणी मात्र काही केल्या येईना. ओकटी, रेंडू, मूडू मला तोंडपाठ होतं, पण मूडूला हात कुठे जायचा ते आठवत नव्हतं. पुष्पाला आईची बोटं फोक कशी धरायची ते आठवत होतं, पण मोजणी नाही. आमची वेढणी दोरी गुंडाळल्यासारखी सरळच जाई, तिला कणसाचा आकार येत नसे. माझ्या दुरडीचा जुना काठ तर चुरा होऊन गेलेला, त्यातून काही वाचता येत नव्हतं.

येळवशीच्या आधीच्या रविवारी दुपारी पुष्पा उठून घरात गेली आणि एक नवी कोरी दुरडी घेऊन आली. मावशीने चैत्रात विणलेली, शेवटची. पुष्पाच्याच डोक्याच्या मापाची. तिच्यातून अजून एकदाही काही नेलेलं नव्हतं. पुष्पाने ती माझ्यासमोर ठेवली.

"उकल," ती म्हणाली.

तिला कळलं नसेल की तिने हुबेहूब आईच्या आवाजात म्हटलं. मी हात मागे घेतला. म्हटलं, वेडी आहेस का, एवढी एकच राहिलीय, हिला जपून ठेव.

"जपून ठिवली तर तुमच्या भितीवरच्यावानी व्हईल," पुष्पा म्हणाली. मी पाण्याचं भांडं पुढे ओढलं.

आम्ही तिचा काठ ओला केला आणि शेवटच्या टोकापासून उलटं सुरू केलं. एक वेढा काढायचा, तो कुठून आला ते बघायचं, पुढचा काढायचा. सातव्या-आठव्या वेढ्याला मला दिसलं. ओकटी, रेंडू पुढे जायचं आणि मूडूला मागे वळून आधीच्याच्या पोटाखालून आत शिरायचं. तिसऱ्या वेळी मावशी मागे जात होती. इतकी वर्षं मी तिन्ही वेळा पुढेच जात होते! मी मोठ्याने हसले. पुष्पा म्हणाली, "काय झालं, काय झालं?" मी तिला दाखवलं आणि मग ती हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली.

त्या दिवशी तिने तिच्या दुरडीचा काठ बांधला आणि मी माझ्या. माझा दोन ठिकाणी वाकडा गेला. तिथपर्यंत पोचेस्तोवर फोका संपत आल्या होत्या आणि देगलूरहून शेवटची गाडी गाठायची होती. उकलायला हवं होतं, पण मी तसंच पुढे गेले.

येळवशीला भज्जी दुरडीत भरली, वर नवं फडकं घातलं. चुंबळीवर दुरडी अशी बसली की मला काही सावरावं लागलं नाही. शाळकरी वयातल्या मापाची दुरडी पन्नाशी ओलांडलेल्या डोक्याला बरोबर आली, म्हणजे आयुष्यभर एवढं शिकून माझं डोकं काही वाढलेलं नाही, असं मी पुष्पाला म्हणाले. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंनी ज्वारी खांद्याला लागत होती. दादा पुढे आंबिलाने भरलेलं बिंदगं घेऊन, मागे वहिनी, मग आम्ही दोघी. आज पुष्पाही आमच्याच शेतात जेवायला होती.

शेजारच्या शेतातल्या पार्वताकाकू जेवणं झाल्यावर आमच्या कोपीपाशी येऊन बसल्या. ऐंशीच्या पुढच्या, आता दोन्ही डोळ्यांना नीट दिसत नाही. त्यांच्या घरचं जेवण सुनेने निळ्या प्लॅस्टिकच्या टबातून आणलं होतं. बोलता बोलता काकूंचा हात माझ्या दुरडीला लागला. त्यांनी दुरडी मांडीवर ओढली आणि काठावरून बोटं फिरवायला लागल्या.

"ही नरसाची हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो काठ दुसऱ्याचा नसतो. मरायच्या आधी कवातरी बांधला दिसतो."

मी पुष्पाकडे बघितलं. दहावीत असताना मी मावशीचा काठ माझा म्हणून सांगितला होता.

"हाव काकू," मी म्हणाले. "तिचाच हाय."

काकूंची बोटं पुढे सरकली, अर्धा फेरा गेली आणि थांबली. नेमकी त्या वाकड्या जागी. त्यांनी ती जागा दोनदा चाचपली.

"पन हितं घाई केली की तिनं. अशी करत नव्हती ती."

पुष्पाने तोंडाला पदर लावला. माझा चेहरा तापला, परीक्षकांपुढे तापला होता तसाच.

"पुढल्या येळवशीला न्हाई व्हनार काकू," मी म्हणाले.

लांबच्या कुठल्या तरी शेतातून अजून "व्हलगे व्हलगे" ऐकू येत होतं. काकूंनी सावकाश डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान माझ्यापुढे वाकवली.

"मंग माप," त्या म्हणाल्या.